मामी, तू त्याला दवाखान्यात नेलंस तेच बरोबर होतं

परवा रात्री साडेदहाला दुकानाचं शटर ओढत होते तेवढ्यात मामीचा फोन आला. आवाज एकदम खोल गेलेला. म्हणाली, "अगं पोरी, ग्रुपवर एक मेसेज आलाय, बघ की जरा. त्यात लिहिलंय दवाखान्यात न्यायचंच नसतं म्हणे. आपण घाई केली काय गं? माझ्यामुळं पोराच्या नावावर पोलिसाचा कागद झाला."

मला काय बोलावं तेच कळेना. जिनं पोराचा जीव वाचवला ती बाई रात्री अंथरुणात बसून विचार करायलीय की आपलं चुकलं.

आधी झालं काय ते सांगते. माझा मामेभाऊ, वय २६, शाळेचे युनिफॉर्म शिवतात त्या एका गारमेंटमध्ये कटिंगला आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री त्यानं घरातल्या गोळ्या खाल्ल्या. कुठल्या आणि किती ते इथं लिहिणार नाही, का खाल्ल्या तेही नाही, आणि असल्या गोष्टीला एकच एक कारण असतं असं मला वाटत पण नाही. मामी पाणी प्यायला उठली, त्याच्या खोलीत लाईट दिसला, आत गेली तर गादीजवळ रिकामी पाकिटं. शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या, म्हणाल्या मिठाचं पाणी पाज. मामीनं तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ घातलं, ढवळलं, आणि एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हातानं मला फोन लावला, कारण मी मेडिकलवाली, गेली १४ वर्षं काउंटरला आहे, घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांचं मलाच विचारतात. मी एवढंच ओरडले, "मामी, ते पाणी मोरीत ओत, रिक्षा बोलव, रिकामी पाकिटं सगळी बरोबर घे." तिनं तस्संच केलं. मामानं पाकिटं रुमालात बांधून नेली आणि अपघात विभागात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कुठली गोळी आणि किती वाजता. मामानं रुमाल सोडून टेबलावर ठेवला. तेवढ्यावर पुढची ट्रीटमेंट सुरू झाली.

पोरगा आज घरी आहे. जेवतोय. परवा त्यानं शेंगाचटणी मागून घेतली तर मामी तेवढ्यावर रडली.

आता तो मेसेज. "घरातील व्यक्तीने जास्त गोळ्या खाल्ल्यास घाबरू नका, अनुभवी डॉक्टरांनी सांगितलेले ८ उपाय, प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोचवा" असं वर लिहिलंय. कुठला डॉक्टर, नाव नाही, गाव नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आणि काल दुकानात एका गिऱ्हाइकानं मोबाईल पुढं करून "मॅडम हे खरंय का" म्हणून विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिला उपाय: "लगेच कोमट पाण्यात ३-४ चमचे मीठ घालून पाजा, उलटीवाटे सर्व विष बाहेर पडते."

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण तो तांब्या मला फोनवरून दिसल्यासारखा झाला होता. मीठ म्हणजे सोडियम. एवढं मीठ एकदम पोटात गेलं आणि उलटी झालीच नाही तर ते रक्तात जातं, रक्तातलं सोडियम वाढतं, मेंदूतल्या पेशींतलं पाणी ओढलं जातं, झटके येतात, माणूस बेशुद्ध पडतो. उलटी व्हावी म्हणून पाजलेल्या मिठाच्या पाण्यानंच माणसं दगावल्याच्या नोंदी डॉक्टरांच्या पुस्तकात आहेत. म्हणजे गोळ्यांनी जे झालं नसतं ते घरच्यांच्या हातून व्हायचं. आणि उलटी झाली तरी काय? माणूस गुंगीत असेल तर त्याला नीट गिळता येत नाही, ठसका लागत नाही, ती उलटी अन्ननलिकेतून वर येऊन सरळ श्वासनलिकेत, तिथून फुफ्फुसात. मग न्यूमोनिया. घशात बोटं घालणं, मोहरीचं पाणी, साबणाचं पाणी, सगळ्याला हेच लागू. पूर्वी परदेशात घराघरात उलटीचं एक सिरप ठेवायला सांगायचे, इपेकॅक नावाचं. खुद्द अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००३ साली सांगितलं की ते घरात ठेवू नका, होतं ते टाकून द्या. जे औषध म्हणून तयार केलेलं होतं त्याची ही गत, आणि आपण स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवर जीव सोपवायचा?

पोटातलं काढायचं की नाही, कशानं काढायचं, हे दवाखान्यात ठरतं. कधी कोळशाची खास पूड पाजतात, ती पण साधारण पहिल्या तासाभरात जास्त उपयोगी, आणि ती पण प्रत्येक गोळीला चालत नाही. घरी करायचं काम एवढंच: माणूस गुंगीत असेल तर कुशीवर वळवून झोपवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा नाहीतर हाताशी असेल त्या गाडीत घाला, आणि पाकिटं बरोबर घ्या. वाटेत काही विचारायचंच असेल तर दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, १८००-११६-११७, चोवीस तास, फोनला पैसे पडत नाहीत. पण विचारत घरी बसू नका, रिक्षात बसून विचारा.

दुसऱ्या उपायात दूध आणि तूप पाजायला सांगितलंय. गोळ्यांवर त्याचा काही उतारा नाही, उलट पोट भरून उलटी व्हायची शक्यता वाढते. झालं, पुढं जाऊ.

तिसरा: "उलटी झाली व व्यक्ती बोलत असेल तर धोका टळला. शांत झोपू द्या. सकाळी फ्रेश होईल."

या मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य कुठलं म्हणाल तर हे. कारण हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटतं. रात्रीची वेळ, पोरगं बोलतंय, पाणी मागतंय, मग कशाला गावभर करायचं, झोपू दे, सकाळी बघू. पण गोळ्यांचं काम विंचू चावल्यासारखं नसतं की चावला आणि लगेच बोंब. अगदी साध्या, प्रत्येक घरात सापडणाऱ्या गोळ्या अशा आहेत की पहिले २४ तास माणसाला जवळपास काहीच होत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, बस. चहा पितो, मोबाईल बघतो. आणि आत लिव्हर बिघडत असतं, ते कळतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, डोळे पिवळे झाले, बोलणं बरळल्यासारखं झालं की. त्यावर उतारा आहे, सलाईनमधून देतात, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला चालतो. उशीर झाला तरी देतात, द्यायलाच पाहिजे, पण दर तासाला बाजी हातातून सुटत जाते. माझा मामेभाऊ त्या रात्री दवाखान्याच्या पायऱ्या स्वतः चालत चढला. सकाळी मामाला म्हणाला, "पप्पा, मी बरा आहे, घरी चला." आणि त्याच वेळी हातात तो उतारा चालू होता. घरी झोपू दिला असता तर तोही सकाळी "मी बरा आहे" असंच म्हणाला असता, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. पुढचं मला लिहवत नाही.

साखरेच्या म्हणजे डायबेटीसच्या गोळ्यांचं तर अजूनच फसवं. काही साखरेच्या गोळ्या रक्तातली साखर दिवसभर खाली ओढत राहतात. माणूस गाढ झोपलाय असं आपल्याला वाटतं आणि तो साखर उतरून बेशुद्ध झालेला असतो. हे फक्त जीव द्यायला गेलेल्यांचं नाही बरं का. घरातले म्हातारे सकाळची गोळी घेतली का नाही हे विसरून दोनदा-तीनदा घेतात, माझ्या दुकानात असले फोन महिन्याला येतात. त्यांनाही हाच नियम. बोलतायत म्हणून थांबू नका.

चौथा उपाय, ज्यानं मामीची झोप उडवली: "हॉस्पिटलमध्ये नेल्यास पोलीस केस होते, जेल होऊ शकते, आयुष्यभराचा डाग. नेलेच तर फूड पॉइझनिंग सांगा."

यातलं अर्धं खरं आहे ते आधी कबूल करते, मनापासून नाही पण करते. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद होते. डॉक्टर पोलिसांना कळवतात, तो त्यांचा नियम आहे. आमच्याकडंही दुसऱ्या दिवशी एक हवालदार आले, जबाब घेतला, मामाचा आणि त्याचा, सह्या घेतल्या. मामाचे हात थरथरत होते. तो प्रसंग सोपा नसतो, हे मी खोटं सांगणार नाही.

पण एमएलसी म्हणजे गुन्हा नव्हे. दवाखान्यानं केलेली नोंद आहे ती. जुन्या दंड संहितेत कलम ३०९ होतं, जीव द्यायचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सगळ्यांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. त्यानंतर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ मी मामाला वाचून दाखवलं, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढून. त्यात म्हटलंय की ज्यानं असा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, उलट सिद्ध झालं तरच वेगळं, आणि त्याच्यावर त्या कलमाखाली खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. आणि त्याच कलमाचा दुसरा भाग कोणी सांगतच नाही: अशा माणसाची देखभाल, उपचार आणि पुनर्वसन करणं, परत तसं होऊ नये म्हणून, हे सरकारचं कर्तव्य आहे. कायदा त्याला आरोपी न धरता पेशंट धरतो. पुढं १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिताच गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात ३०९ सारखं कलम घेतलंच नाही. एक २२६ आहे, ते सरकारी माणसाला त्याचं काम करण्यापासून अडवण्यासाठी कोणी जीव द्यायला निघाला तर. आपल्या घरातल्या दुःखाशी त्याचा काय संबंध?

आणि पोलीस येईपर्यंत दवाखाना हात लावणार नाही ही पण भीती काढून टाका. सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर.

"फूड पॉइझनिंग सांगा" हे तर निव्वळ जीवघेणं. डॉक्टर देवऋषी नाहीत, तुम्ही सांगाल त्यावर त्यांचं काम चालतं. गोळ्यांचा उतारा गोळीगणिक वेगळा, रक्त कुठल्या तासाला तपासायचं ते वेगळं, ईसीजी किती वेळ बघत राहायचा ते वेगळं. फूड पॉइझनिंग सांगितलं तर एक सलाईन, उलटीचं इंजेक्शन आणि सकाळी सुट्टी. अब्रू वाचली आणि माणूस गेला, असं होईल.

पाचवा: "घरी आल्यावर तो विषय अजिबात काढू नका. विचारल्याने डोक्यात परत तोच विचार येतो."

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण दवाखान्यातून आल्यावर आमच्या घरात अगदी हेच चालू होतं आणि ते कोणी मेसेज वाचून करत नव्हतं, आपल्याकडं असंच करतात. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा सगळं घर कुजबुजत होतं. मामी दर दहा मिनिटांनी "जेवलास का, पाणी घेतलंस का". मामा गप्प. टीव्ही चालू. मी त्याला चप्पल घाल म्हटलं आणि सोलापूरच्या कंबर तलावाच्या बाजूला चालायला घेऊन गेले. बराच वेळ दोघं काही बोललोच नाही. मग मी सरळ विचारलं, "परत जीव द्यावासा वाटतोय का रे?" विचारताना माझा स्वतःचा घसा कोरडा पडला होता. तो थांबला. म्हणाला, "ताई, तू विचारलंस ते बरं झालं. घरात सगळे माझ्याकडं बघतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात." मग जे बोलायला लागला ते तासभर. ते सगळं त्याच्या डोक्यात आधीपासून होतंच की, मी विचारून काही नवीन घातलं नाही. फक्त ते त्याला एकट्याला धरून ठेवावं लागलं नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, हे बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नई पण होतं, बाकी ब्राझील, श्रीलंका, इराण आणि चीनमधली गावं. २००८ साली त्यांच्याच पत्रिकेत छापून आलाय. जीव द्यायच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेली १८६७ माणसं. अर्ध्यांना नेहमीची ट्रीटमेंट देऊन घरी सोडलं. बाकीच्यांना नेहमीची ट्रीटमेंट तर दिलीच, वर सुट्टीच्या वेळी तासभर बसून बोलले, म्हणजे हे का होतं, परत मनात आलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. आणि त्यानंतर दीड वर्षात ९ वेळा फोन नाहीतर घरी भेट. सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी, मग अंतर वाढवत. फोनवर काय, तर कसा आहेस, काही मदत पाहिजे का. महागडं मशीन नाही, नवीन गोळी नाही. दीड वर्षानंतर बघितलं तर ज्यांच्याशी कोणी असं बोललं नव्हतं त्यांच्यात २.२ टक्के माणसं आत्महत्येनं गेली होती. ज्यांची विचारपूस होत राहिली त्यांच्यात ०.२ टक्के. हजारात २२ आणि हजारात २. विचारल्यानं डोक्यात येतं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

हे वाचल्यावर मी दुकानातलं कालनिर्णय काढलं आणि लाल पेनानं ९ गोल केले. पहिला आठवडा, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा, मग चार महिने, सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलं नाही म्हणून शेवटचे गोल मागच्या पानावर लिहिलेत. दोन झाले. तिसरा येत्या सोमवारी आहे. मधे पण बोलतोच आम्ही, पण त्या दिवशी चुकवायचं नाही असं ठरवलंय. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी मावशी असो, काका असो, मित्र असो, कुणीतरी एकानं हे आपल्याकडं घ्या. सगळ्यांनी मिळून विचारायचं ठरलं की कोणीच विचारत नाही.

आणि विचारताना "का केलंस असं? आईचा तरी विचार करायचास" यानं सुरुवात करू नका. त्यानं आईचा विचार केलेला असतो, आपण गेलो तर तिचा भार हलका होईल असं त्या वेळी त्याला वाटलेलं असतं. "त्या रात्री तुला काय काय वाटत होतं, मला ऐकायचंय" एवढं म्हणा आणि मग गप्प बसा. सल्ला देऊ नका. गप्प बसणं मलाच किती जड गेलं ते मला माहिती.

सहावा उपाय शपथेचा. "देवासमोर आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा." सिद्धेश्वराला जरूर जा. मामी पण घेऊन गेली त्याला, तळ्याच्या कडेला बसला, बरं वाटलं त्याला. पण शपथ घालू नका. उद्या परत मनात तसं आलं तर तो सांगणार कुणाला? आईची शपथ मोडली म्हणून लाजेनं तोंड बंद करून बसेल. आपल्याला त्यानं सांगायला पाहिजे, आणि सांगायचं दारच आपण शपथेनं लावून घेतो. शपथेच्या जागी एक कागद करा त्याच्याबरोबर बसून, मनात यायला लागलं की आधी काय होतं (आमच्याकडं दोन-दोन रात्री झोप नसणं), तेव्हा काय केल्यानं थोडं बरं वाटतं, कुणाला फोन करायचा, दुसरा फोन कुणाला, आणि कोणीच उचलला नाही तर १४४१६. ही टेली मानसची लाईन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्याचा कागद त्याच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलाय.

सातव्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. "मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुधारतो." लग्नाचं तर मी उत्तर पण देणार नाही, दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात आपली काळजी बांधायची आणि तिला सांगायचं पण नाही, याला उपाय म्हणतात का? गोळ्यांचं सांगते, कारण तो माझा रोजचा विषय आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, खरं आहे, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच देतात आणि चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही. उदासीनतेवरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तशी नशा नाही, तलफ नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक नेमके दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करतात. सुरू करताना आणि बंद करताना दोन्ही वेळा डॉक्टरला विचारून, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. डॉक्टरना स्पष्ट सांगा की एका वेळी ७ दिवसांच्याच लिहून द्या, ते देतात. आमच्याकडं त्या मामीच्या ताब्यात असतात, ती रोज एक हातावर ठेवते. खाजगी डॉक्टरची फी झेपत नसेल तर आपल्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि जा, तिथं गेलं म्हणून कोणी वेडा होत नाही.

आठवा उपाय: "घरातील सर्व औषधे कुलुपात ठेवा." हे बरोबर आहे. बाकी सात चुकीच्या गोष्टींबरोबर ही एक बरोबर आल्यामुळंच लोकांना मेसेज खरा वाटतो, म्हणून मला त्याचा जास्त राग. पण बरोबर ते बरोबर. "ज्याला करायचं तो कसंही करतो" असं जे म्हणतात ते खोटं आहे. ती वेळ बहुतेकदा थोडी असते, कधी काही मिनिटं, कधी काही तास, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. इंग्लंडमध्ये १९९८ साली दुकानात मिळणाऱ्या वेदनाशामक गोळीची पाकिटंच लहान करायला लावली कायद्यानं, आणि त्या गोळीनं होणारे मृत्यू पुढच्या वर्षांत बरेच कमी झाले. आमच्या घरी मामाच्या बीपीच्या, आजीच्या साखरेच्या, कधीच्या उरलेल्या तापाच्या, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात फ्रीजवर असायचं. मी बसून निवडलं. एक्स्पायरी गेलेलं आणि नको ते मी दुकानात घेऊन आले, लागणारं लोखंडी कपाटात, किल्ली मामीच्या गळ्यात. त्याला न सांगता, लपवून नाही केलं हे. त्याच्यासमोर, त्याला सांगून केलं. तो म्हणाला, "कर ताई, मलाच बरं वाटेल." त्याच मेसेजमध्ये पुढं मोबाईल काढून घ्या, खोलीची कडी काढा, मित्र बंद करा असं आहे, ते मात्र करू नका. मित्र तोडून माणूस अजून एकटा पडतो. त्याच्या गारमेंटमधला एक मित्र रोज संध्याकाळी सात वाजता चहाला घेऊन जातो, ते बंद करायचं होय?

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, उपायांत धरलेली नाही: "संस्कार नीट असतील तर अशी वेळ येत नाही." ही ओळ मामीनं वाचली. ही ओळ मामानं पण वाचली असणार, तो बोलत नाही पण ग्रुप बघतो. ज्यानं लिहिली त्याला कळलं का की ही ओळ कुणाच्या हातात जाऊन पडणार आहे? त्या घरात काय चाललंय ते मी सांगते. मामी रात्री दोन वाजता उठून त्याच्या नाकापुढं बोट धरते. मामा आयुष्यभर पॉवरलूमवर उभा राहिलेला माणूस, हल्ली संडासात जाऊन नळ सोडून रडतो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. धाकटीची बारावी आहे आणि तीन आठवड्यांत तिला एकानं पण विचारलं नाही की तुझा अभ्यास कसा चाललाय, तिनं मलाच हळूच विचारलं की "ताई, मी भांडले होते त्याच्याशी चार दिवस आधी, त्यामुळं का?" तिला जवळ घेऊन सांगावं लागलं की नाही, भांडणानं असं होत नाही, भावंडं भांडतातच.

नातेवाइकांनी काही करायचंच असेल तर उपाय पाठवू नका. भाकरीचा डबा घेऊन जा. मामीला म्हणा आज रात्री मी झोपते त्याच्या खोलीबाहेर, तू झोप. एक रात्र ती नीट झोपली तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातून चार कामं बरी होतील. मामाला बाहेर चहाला न्या, पोराचा विषय काढला नाही तरी चालेल. धाकटीला आपल्या घरी अभ्यासाला बोलवा. दवाखान्याचं बिल किती झालं हे विचारून नुसतं "अरेरे" करू नका, जमत असेल तर हातभार लावा. आणि टेली मानसला घरच्यांनी पण फोन करायचा असतो. मी मामीला लावून दिला, ती आधी म्हणाली मला काय झालंय, मग चाळीस मिनिटं बोलली, दार लावून.

ज्यांनी आमच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला त्या माझ्या थोरल्या आत्या आहेत. वाईट हेतूनं टाकला नाही, त्यांना काळजीच वाटली. मी त्यांना फोन करून सांगितलं की आत्या, तो काढा आणि त्या जागी हे दोन नंबर टाका, १०८ आणि १४४१६. त्यांनी काढला. बाकी ग्रुपवर कुणाकुणाकडं गेलाय कुणास ठाऊक, तुमच्याकडं आला तर तिथंच थांबवा एवढीच विनंती.

मामीला मी त्या रात्री फोनवर एकच गोष्ट परत परत सांगितली, की तू तांब्या मोरीत ओतलास आणि रिक्षा बोलवलीस, म्हणून तो आज घरात आहे. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. बुधवारी ओपीडीला त्याच्याबरोबर कोण जायलंय? मामाला सुट्टी मिळंना." मी म्हटलं, मी येते, दुकान दुपारनंतर उघडीन, केसपेपर तेवढा आठवणीनं पिशवीत ठेव.